दोन बटणांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी स्टार्टरची पेटी आहे. पत्र्याची, रंग उडालेली, एका कोपऱ्याला पोचा आलेली. ट्यूबवेलची मोटर माझ्यावाचून हलत नाही, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे मला भंगार म्हणायला कोणी धजणार नाही. माझ्या अंगावर दोनच बटणं. हिरवं दाबलं की मोटर चालू, लाल दाबलं की बंद. याहून जास्त मला काही येत नाही, आणि खरं सांगू, येण्याची गरजही कधी पडली नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते बऱ्हाणपूरच्या बाजारातलं दुकान. तिथून सुकलाल आप्पांनी मला उचललं. उचलण्याआधी झाकण उघडून घेतलं, आतला एकेक भाग डोळ्यांखालून घातला आणि दुकानदाराला विचारलं, "बिघडली तर?"

"बिघडली तर उखर्डू वायरमनला बोलवा. कॉइल बदलली की पुन्हा चालू."

आप्पांची खात्री पटली. बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, हे विचारून वस्तू घेणारी माणसं होती तेव्हा.

इच्छापूरच्या वाटेवर आप्पांची केळीची बाग आहे. तिथल्या मोटरच्या खोलीत मला भिंतीवर ठोकलं. आप्पांच्या बायकोनं, रंभाबाईनं, मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि अंगठ्यानं हिरवं बटण दाबलं. मी 'खट' केलं, खालून मोटर घुमली आणि पाइपातून पाणी धाडकन हौदात पडलं. तेव्हापासून मी त्या घरची झाले.

आप्पांना शॉकची भारी भीती. ते कोरड्या लाकडाच्या दांडीनं बटण दाबायचे, तेही तोंड फिरवून. रंभाबाई मात्र सरळ अंगठ्यानं. आप्पा ओरडायचे, तर ती म्हणायची, "तुम्ही दांडी धरून बसा. पाणी माझ्या अंगठ्याले ओळखतं."

तो अंगठा मोठा मानाचा होता, मित्रांनो. रंभाबाई दुसरीत शाळा सोडलेली. सही येत नाही. पटवारी कागद घेऊन आला की ती आधी आप्पांकडून वाचून घ्यायची, मग मुलाकडून, दिगंबरकडून. दोघांनी वाचलेलं एकसारखं निघालं तरच शाईत अंगठा बुडवायची. एकदा पटवारी वैतागून म्हणाला, "काकू, विश्वास नाही का?" तर म्हणाली, "विश्वास आहे ना. म्हणूनच दोनदाच वाचून घेते, नाही तर तीनदा घेतलं असतं."

चोवीस उन्हाळे मी त्या भिंतीवर काढले. लाइट कधी पहाटे यायची, कधी भर दुपारी. व्होल्टेज कमी असलं की माझं पोट थरथरायचं, तरी मी धरून ठेवायचे. एकदा उंदरानं वायर कुरतडली. एकदा कॉइल जळाली. उखर्डू सायकलवर आला, अर्ध्या तासात नवी बसवली, चहा प्यायला आणि गेला. जाताना माझ्यावर थाप मारून म्हणाला, "ही तुमच्या नातवाच्या लग्नाचंही पाणी ओढील." त्या थापेवर मी कितीतरी वर्षं फुगून होते.

मग ती पांढरी पेटी आली.

दिगंबरनं आणली. प्लास्टिकची, गुळगुळीत, डोक्यावर बोटाएवढी काडी. तिला एकही बटण नव्हतं! मी डोळे फाडून पाहत राहिले. बटण नाही तर माणसानं दाबायचं काय? कंपनीचा माणूस बूट न काढताच आत आला आणि म्हणाला, "अब बगीचे में आने की जरूरत ही नहीं. घर बैठे मोबाइल पे मोटर चालू, मोबाइल पे बंद. जेव्हा जेव्हा चालू-बंद होईल, मालकाला मेसेज येईल. मालकाचा नंबर सांगा."

दिगंबर स्वतःचा नंबर सांगता सांगता थबकला. त्या घरची रीत अशी की बाप बसलेला असताना मुलाच्या नावावर काही लावायचं नाही. गॅस, बँक, लाइटबिल, सगळं आप्पांच्या नंबरावर. पेटीही लागली आप्पांच्याच नंबरावर. आप्पांचा तो बटणांचा साधा फोन, मेसेज उघडणं त्यांना जमत नव्हतं तरी. ॲप मात्र दिगंबरच्या मोबाइलात. त्यानं कंपनीच्या अटींवरून भराभर बोट ओढलं आणि अंगठ्यानं 'मला मान्य आहे' दाबलं.

"काय लिहेल आहे त्यात?" रंभाबाईनं विचारलं.

"काही नाही आई. सगळेच दाबतात."

"सगळे तापीत उडी मारतीन तर?"

कंपनीचा माणूस हसला. त्यानं पांढऱ्या पेटीला चारी बाजूंनी सील लावलं. "याला हात लावायचा नाही. सील तुटलं तर आमची जबाबदारी नाही."

ज्याच्या पैशानं आणली त्यानंच हात लावायचा नाही! मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. चूक झाली नव्हती.

मला भिंतीवरून काढलं आणि कोपऱ्यात जुन्या ठिबकच्या नळ्यांखाली टाकलं. पोटात गांधीलमाशांनी घर केलं. दिगंबरची बायको निर्मला भंगारवाल्याला हाक मारायची म्हणत होती. रंभाबाई म्हणाली, "असू दे. पडलेली आहे तर काही खायले मागते का?" एवढ्यावर माझी लाज राहिली.

वर्षभरानं आप्पा गेले. त्यांच्या गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीला, काय झालं ते मला बागेत बोलणाऱ्या बायकांकडून कळलं. गेलेला माणूस जे रोज वापरायचा ते दान द्यायचं असतं: छत्री, जोडे, तांब्या, अंथरूण. रंभाबाईनं ती लाकडाची दांडीही दिली, आणि त्यांचा फोनही दिला, सिमसकट. दिगंबर म्हणाला, "फोन राहू दे ना." तर तिनं डोळे वटारले, "हातचं राखून दिलेलं दान पोहोचत नाही. ते वर काय बिनफोनचे बसतीन?" जैनाबादच्या गुरुजींनी पिशवीत घालून सगळं नेलं. त्या इवल्याशा सिमच्या दावणीला आपली अख्खी मोटर बांधलेली आहे, हे तिथं बसलेल्या शंभर माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नाही.

पुढं दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. आणि मग या मे महिन्यात, झाडांवर घड अर्धे भरलेले, ऊन असं की लोखंडाचा नळ हाताला चटका देत होता, तेव्हा पांढरी पेटी बंद पडली. बिघडली नव्हती हो. बिघडली असती तर मी समजून घेतलं असतं. तिला कंपनीनं लांबून बंद केलं होतं! मोबाइलवर अक्षरं आली: नवे नियम लागू झाले आहेत, मालकाची ओळख पटवा, मालकाच्या नंबरावर आकडे पाठवले आहेत, ते इथं भरा.

पहिल्या दिवशी दिगंबर हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं खोलीत उभं राहून कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, हे आपल्या सुरक्षेसाठीच आहे."

"अहो, मालक वारले. मी त्यांचा मुलगा."

"ऐकून वाईट वाटलं, सर. मग मालकांनी त्यांच्याच नंबरवरून नाव बदलण्याची विनंती पाठवावी."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण मलाही घाम फुटला. मेलेल्या माणसानं अर्ज करायचा? माणूस कधी येईल विचारलं तर म्हणाली, आठ दिवसांत.

तिसऱ्या दिवशी दिगंबर जैनाबादला जाऊन आला. गुरुजींनी फोन दाखवला, पण त्यात त्यांचं स्वतःचं सिम होतं. "जुनं तर कधीच बंद पडलं बाबा. वापरायलाच दिलं होतं ना?" आता त्यांना काय बोलणार!

चौथ्या दिवशी केळीची पानं मधोमध मिटून खाली लोंबली. रंभाबाई सकाळीच बागेत आली. कडेच्या ओळीतला एक घड हातानं उचलून पाहिला, सोडला आणि हौदाच्या काठावर बसली. "नवऱ्याच्या हातची शेवटची लागण आहे ही," एवढंच म्हणाली. आप्पांनी लावलेल्या झाडांच्याच पिल्लांवर, म्हणजे बुडाशी आलेल्या फुटव्यांवर, ही बाग धरली होती. उखर्डूलाही तिनंच बोलावून घेतलं होतं. म्हातारा झाला होता बिचारा, सायकल ढकलत आला.

"आप्पांचा नंबर लाव," ती दिगंबरला म्हणाली.

"आई, बंद आहे तो."

"लाव म्हनलं ना."

त्यानं लावला, आवाज मोठा केला. आम्हाला सगळ्यांना वाटलं, बंदच लागेल.

घंटी वाजली.

रंभाबाई ताडकन उठली, दाराची चौकट धरून उभी राहिली. आणि तिकडून एक बाई बोलली, "हलो? कौन?"

नवऱ्याच्या नंबरावर परकी बाई! दिगंबर म्हणाला, "ये नंबर हमारे पिताजी का था."

"अब मेरा है भैया. लीला बोल रही हूँ, सागर से. साल भर से मेरे पास है." मग तिचा आवाज एकदम चढला, "अच्छा! वो मोटर वाले आप हो? रोज मेसेज आता है! मोटर चालू, मोटर बंद. मैं तो परेशान हो गई. चार दिन से नहीं आया. आपके यहाँ बिजली सुबह चार बजे आती है ना? और मंगल को मोटर नहीं चलती?"

मंगळवारी इच्छादेवीला जायचं म्हणून बाग बंद असते. आमची उठण्याबसण्याची वेळ, आमचा देवाचा वार, दीडशे कोसांवरच्या सागर शहरातली एक बाई, जिचं आम्ही तोंड पाहिलं नाही, ती वर्षभर वाचत बसली होती! न मागता, न विचारता. बरोबर आलेल्या निर्मलानं पदर तोंडाला लावला. मी स्वतःला विचारलं, चोवीस वर्षांत मी कधी कोणाला सांगितलं का गं, माझी मालकीण किती वाजता येते ते?

दिगंबर घाईनं म्हणाला, "बहनजी, अभी एक नंबर आएगा, छह आकडे. वो बस बता दो."

"ना भैया. बैंक वालों ने कहा है, नंबर किसी को नहीं बताना. बुरा मत मानना." आणि तिनं फोन ठेवला.

दिगंबरनं कपाळावर हात मारला. रंभाबाई सावकाश म्हणाली, "बरोबर केलं तिनं. शहाणी आहे. तुझ्यापेक्षा शहाणी."

"माझ्यापेक्षा?"

"मी अंगठाछाप बाई. पण दोनदा वाचून घेतल्याबिगर अंगठा नाही दिला कोणाले. तू कॉलेज शिकेल, अन् न वाचता अंगठा दाबून आला! त्यात काय लिहेल होतं ते तुले आजही माहीत नाही. आहे माहीत?"

तो पुटपुटला, "सहा दिवसांत येईल कंपनीचा माणूस."

"सहा दिवसांत त्याले काय दाखवशील, वाळेल खोडं? उखर्डू, वायर काढ त्या पांढरीची."

"आई, सील तुटेल! मग ते जबाबदारी घेणार नाहीत."

"आता घेतात का?"

उखर्डू खोकत हसला. त्यानं सीलला पकड लावली. 'कट्' आवाज झाला आणि दिगंबरनं डोळे मिटले. मग नळ्या बाजूला झाल्या आणि अडीच वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला. गांधीलमाशांचं घर काडीनं काढलं, मला त्या चावणार कुठे, दोन उखर्डूला चावल्या. त्यानं शिव्या देत माझी टोकं घासली, वायरी आवळल्या, मला जुन्याच खिळ्यांना टांगलं.

खरं सांगते, मला भीती वाटत होती. गंज लागला होता. खट केलंच नाही तर?

लाइट होती. रंभाबाई पुढं आली. "काकू, दांडी घ्या," उखर्डू म्हणाला. "दांडी दान दिली," ती म्हणाली आणि अंगठा टेकवला.

मी थरथरले, गुरगुरले, आणि 'खट' केलं.

पाणी यायला क्षणभर वेळ लागला. आधी हवा, मग गढूळ पिचकारी, मग धार. रंभाबाईनं ओंजळ भरून तोंडावर मारली. डोळे पुसले की तोंड, ते मी पाहिलं नाही. मला माझं काम होतं. कडेच्या तीन ओळींचे घड काळे पडले ते पडलेच. बाकीची बाग चौथ्या दिवशी पुन्हा पानं उघडून उभी राहिली.

कंपनीचा माणूस आला, तुटलेलं सील पाहून मान हलवत गेला. पांढरी पेटी आता माझ्या जुन्या कोपऱ्यात आहे. मी तिला हसत नाही. तिला चालता येतं; पण तिला हुकूम देणारा या घरात नाही, हे तिचं दुर्दैव.

परवा दिगंबर बागेत असताना त्याचा फोन वाजला. सागरची लीला होती. "भैया, बहुत दिन से मोटर का मेसेज नहीं आया. घर में सब ठीक है ना? फसल बच गई?"

रंभाबाईनं फोन त्याच्या हातातून घेतला. "बच गई बेटी. मोटर रोज चलती है." मग माझ्याकडे पाहिलं. "पण कधी चलती है, ते आता फक्त आम्हालेच माहीत."

मित्रांनो, नवी वस्तू घेऊ नका असं मी म्हणत नाही; मीही एके काळी नवी होते. पण घरात आणण्याआधी तिचं झाकण उघडता येतं का ते पाहा, बिघडली तर तुमच्या गावचा उखर्डू तिला हात लावू शकतो का ते विचारा, आणि तिचं बटण नक्की कोणाच्या अंगठ्याखाली आहे, हे दोनदा वाचून घ्या. तुमचा अंगठा फार मोलाचा आहे. माझ्या हिरव्या बटणावर एका अंगठ्यानं खळगा पाडला आहे. कधी बागेत आलात तर दाखवीन. लांबूनच बघा हं, दाबायचं नाही.