पाचापैकी पाच

सुमैरा भाजीवालीपुढे मेथीची जुडी निवडत उभी होती, तेवढ्यात शेजारच्या शकुंतलाकाकूंनी तिला गाठलं.

"अगं, पोरीला पाजताना मान जरा वर धरत जा. काल लय ठसकली की!"

सुमैराचा हात जुडीवरच थांबला. काल पाजताना खोलीत ती आणि चार महिन्यांची आयेशा, तिसरं कुणी नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं, काकू?"

"बांगड्या भरायला गेलते न्हवं तुझ्या सासऱ्याकडं. मोबाइल लावलाय त्यांनी तिथं उभा करून. समदी बघत्यात नातीला."

कराडच्या पेठेत तिच्या सासऱ्यांचं, पीरमहंमदांचं, बांगड्यांचं दुकान खाली आणि घर वर. खोलीतला कॅमेरा सुमैराच्या नवऱ्याने, अमीरने बसवला होता. तो शिरवळच्या कारखान्यात, घरी यायचा फक्त रविवारी. लेक डोळ्यांपुढे असावी म्हणून पाळण्याच्या वर भिंतीत यंत्र ठोकलं. त्यातून ऐकू जायचं, बोलताही यायचं. पाळण्याला लागूनच पलंग. नवराच बघतोय, असं म्हणून सुमैराने तेही गिळलं होतं.

ती मेथी तिथंच टाकून दुकानात गेली. पीरमहंमद एका नव्या नवरीच्या मनगटावर हिरवा चुडा चढवत होते. तिचा नवरा बाकावर बसून मोबाइलकडे बघत होता. मोबाइलमध्ये सुमैराचा पलंग, त्यावर सकाळी काढून टाकलेली तिची ओढणी.

"अब्बा, यात मी पण दिसते," ती हळू म्हणाली.

म्हातारा आधी हसला, मग गोंधळला. "आपलीच गिऱ्हाइकं हायत गं. चाळीस वर्सं गावातल्या बायांचे हात हातात घेतोय, कुनी मला परकं मानलं न्हाई. आन् आपल्या लेकराला बघितलं तर काय झालं?" त्यांचा चेहरा इतका उतरला, की सुमैरा तशीच जिना चढून वर गेली.

अमीरला फोन केला, तर तो म्हणाला, "पासवर्ड मीच दिलाय त्यास्नी. आता काढून घेतला तर जेवायचं सोडतील. तू उगं मनावर घेतीस."

तिने कॅमेऱ्यावर ओढणी टाकली. दोन मिनिटांत अमीरचा फोन सासूला, आणि अख्तरबी धापा टाकत जिना चढून वर. सासूने ओढणी काढून नीट घडी घातली. "लांब हाय त्यो, पोरी. न्हाई दिसलं की जीव टांगनीला लागतो त्याचा."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या श्रद्धा मॅडमचा फोन आला. घरातल्या यंत्रांपासून माणसाचं खासगीपण किती जपलं जातं, ते आकड्यात मोजायचं त्यांचं संशोधन चालू होतं. शेवटच्या वर्षाला प्रश्नावली करताना सुमैराही त्यांच्या हाताखाली होती. निम्मे प्रश्न तिच्याच अक्षरातले.

"शून्य ते पाच गुण, तुला माहीतच आहे. तुला कोण कोण पाहतं, ते तुझ्या संमतीने?"

सुमैराने तोंड उघडलं. मॅडमना सगळं सांगावं, निदान एका माणसाला तरी.

"कुनाशी बोलतीस गं?" भिंतीतून अमीरचा आवाज आला.

"कॉलेजच्या मॅडम आहेत."

"बोल, बोल. ऐकतोय मी."

खाली दुकानात बायकांची बडबड एकदम थांबली होती. म्हणजे तिकडंही ऐकू जात होतं.

"सुमैरा? आहेस ना?"

"आहे मॅडम. पाच."

"आणि बंद करावंसं वाटलं तर तुला बंद करता येतं?"

"येतं. पाच."

"वा! आतापर्यंतच्या घरांत तुझं सगळ्यात वर गेलं बघ. मी हे उदाहरण म्हणून घालणार."

फोन ठेवला तोवर आयेशा भुकेने रडायला लागली होती. सुमैराने तिला उचललं, पलंगाच्या कडेला कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली आणि ओढणीखाली घेतलं. पोर चुटूचुटू पिऊ लागली.

"सुमैरा," वरून अमीर लाडाने म्हणाला, "आयेशा दिसंना गं. जरा इकडं वळ की."

ती वळली.