उंदीर निर्जीव असतो का?

डोंगर पोखरून उंदीर काढला, असं म्हणून लोक दुसऱ्याच्या मेहनतीला हसतात. आमच्या संशोधन संस्थेत उंदरापर्यंत पोचायलाच अर्धं आयुष्य जातं आणि जो पोचतो त्याला मी कधी हसले नाही. मला हसू येतं ते उंदराला माणूस म्हणून खपवणाऱ्यांचं. अलीकडे हसूही येत नाही, सरळ डोकंच फिरतं.

मी संस्थेच्या प्रसिद्धी विभागात काम करते. शास्त्रज्ञ लिहितात ते चार माणसांना कळेल अशा भाषेत आणायचं, त्याला मथळा द्यायचा आणि वर्तमानपत्रांकडे पाठवायचं. हे पोटासाठी. घरी आले की इंटरनेटवर माझं स्वतःचं एक पान आहे, त्याचं नाव 'उंदरांमध्ये'. कर्करोगावर रामबाण सापडला, म्हातारपण थांबलं, टकलावर केस उगवले, अशी बातमी दिसली की मी मूळ शोधनिबंध उघडते आणि प्रयोग कुणावर झाला ते बघून लोकांना सांगते. बहुतेक वेळा उत्तर पानाच्या नावातच असतं. त्यामुळे लोक मला उंदीरबाई म्हणतात. "उंदीरबाई, मांजर पाठवू का?" असं रोज कुणीतरी विचारतं. टकलाची बातमी मी खोडून काढली तेव्हा इतक्या शिव्या आल्या की देशात टकलं किती आहेत याचा मला पहिल्यांदा अंदाज आला.

नोकरी घेताना एक अट होती. पानावर स्वतःच्या संस्थेबद्दल लिहायचं नाही. ती मी पाळली, कारण तोवर आमच्या पत्रकात उंदीर उंदीरच असायचा.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंचं काम पूर्ण झालं. एका झुडपाच्या मुळातून त्यांनी एक घटक वेगळा केला होता आणि तो दिल्यावर मधुमेही उंदरांच्या रक्तातली साखर खाली आली होती. काम चोख होतं. मी मथळा दिला, 'मधुमेही उंदरांमध्ये साखर आटोक्यात. माणसांवर चाचणी अजून बाकी'. कागद संचालकांकडे गेला. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"यात बातमी कुठे आहे?"

"उंदरांमध्ये आहे, साहेब."

"अहो, उंदीर म्हटलं की लोकांना गटार आठवतं. पैसे देणाऱ्यांना तर आठवतंच." त्यांनी पेन काढलं, 'उंदरांमध्ये' खोडलं आणि वर लिहिलं, 'सजीवांमध्ये'. मथळ्याचं शेपूटही कापून टाकलं.

"लोक याचा अर्थ माणूस असाच घेतील."

"मग खोटं काय आहे त्यात? उंदीर निर्जीव असतो का?"

खोलीतले बाकीचे हसले. साहेबांचा विनोद, त्यामुळे जरा जास्तच हसले. मी तिथेच सांगितलं की हे मला मान्य नाही, माझं नाव पत्रकावर घालू नका. साहेब म्हणाले, "बरं," आणि आपलं नाव घातलं.

'सजीवांमध्ये' हा शब्द वर्तमानपत्रवाल्यांना जड वाटला. त्यांनी त्याचं सोपं करून 'रुग्णांमध्ये' केलं. वाहिन्यांवर तेवढाही दम नव्हता, तिथे 'मुळाने मधुमेह मुळासकट बरा' अशी पट्टी फिरली. आठवडा उलटायच्या आत त्या झुडपाच्या मुळाची भुकटी बरणीतून विकायला आली. बरणीवर आमच्या संस्थेचं नाव होतं. विकणाऱ्यांशी संस्थेचा काही संबंध नव्हता, पण नाव छापायला कुणी विचारून येत नाही.

नंतर वहिनीचा फोन आला.

"वन्सं, मोकळ्या आहात का? जरा घरी याल?"

वहिनी मला अगं-तुगं करते. आम्ही दोघी एका वयाच्या, दादाच्या लग्नाआधीपासूनच्या मैत्रिणी. ती मला 'वन्सं' म्हणते आणि अहो-जाहो करते तेव्हा ती रागावलेली असते. मी पायात मिळतील त्या चपला घालून निघाले.

दादा फिरतीवर होता. स्वयंपाकघरात टेबलावर हिरव्या झाकणाची बरणी होती आणि टेबलापाशी चिमणी पाणी पीत होती. चिमणी म्हणजे दादाची मुलगी, अकरा वर्षांची. पाच वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला, लहान मुलांना होतो तो. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. जेवणाआधी सुई, झोपताना सुई. ती थांबली तर प्रश्न साखरेचा राहत नाही, पोरच हातची जाते.

"विचारायचं होतं," वहिनी म्हणाली. "तुमच्या संस्थेनं एवढं औषध काढलं आणि आम्हाला शब्दानं सांगितलं नाहीत? शेजारणीकडून कळलं मला."

चिमणीने गटागटा ग्लास संपवला आणि दुसरा भरून घेतला.

"वहिनी, सुया चालू आहेत ना?"

वहिनी बरणीकडे बघत राहिली. "परवापासून थोडी कमी केलीय. बंद नाही केली. थोडीच कमी."

मी साखर तपासायचा मीटर मागितला. चिमणीने सरावाने बोट टोचलं, थेंब लावला आणि आकडा बघून तो मीटर पालथा ठेवला. मी सुलटा केला. आकडा भलताच चढलेला होता. तिच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी किती इन्सुलिन द्यायचं ते सांगितलं, लघवी तपासायला सांगितलं, उलटी झाली तर ताबडतोब घेऊन या म्हणाले. सुई वहिनीनेच दिली. तिचा हात जराही हलला नाही. मग आम्ही तिघी आकडा उतरायची वाट बघत बसलो. तो उतरायला लागला, तेव्हा वहिनीने चिमणीचा हात हातात घेतला.

"तिची बोटं बघितलीस? टोचून टोचून घट्टे पडलेत. एक दिवस, अगं एकच दिवस हिला न टोचता ताट वाढावं, एवढंच वाटलं मला."

"मला आधी विचारायचंस ना."

"तुला? तुझ्याच संस्थेनं छापलंय ना ते? घरात तू एक सांगणार आणि छापून भलतंच पाठवणार. मग मी कुणाचं ऐकायचं, नणंदेचं की नणंदेच्या संस्थेचं?"

"मी मथळा वेगळा दिला होता. त्यात 'उंदरांमध्ये' होतं."

"तो कुणी वाचला?"

चिमणी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. तिने विचारलं, "आत्या, म्हणजे मी उंदीर असते तर बरी झाले असते?"

"नसतीस. ते उंदीर खायला घालून घालून लठ्ठ केलेले होते. त्यांचा मधुमेह वेगळा, तुझा वेगळा."

"बघ," वहिनी म्हणाली. "एवढं साधं आहे. आता जे इथे सांगितलंस ते तिथे लिही. तुझ्या त्या उंदराच्या पानावर, संस्थेचं नाव घालून. दार लावून घेऊन खरं बोलायला काय, कुणीही बोलतं."

तिने मला असं कधी सुनावलं नव्हतं. खरं सांगते, मला राग आला, आणि तो वहिनीचा नव्हता. मी तिथेच, त्या बरणीशेजारी बसून लिहिलं. मी या संस्थेत काम करते. हा प्रयोग लठ्ठ केलेल्या उंदरांमध्ये झाला, माणसांमध्ये नाही. पत्रकात 'उंदरांमध्ये' हा शब्द होता, तो काढून 'सजीवांमध्ये' केला गेला. मुलांच्या मधुमेहाशी या प्रयोगाचा संबंध नाही. बरणी कुणाच्याही नावाने येवो, इन्सुलिन कमी करू नका. आमच्या घरात एका आईने केलं होतं, मुलगी थोडक्यात वाचली. पाठवायच्या आधी मी फोन वहिनीसमोर धरला. तिने शेवटची ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, "ही ओळ राहू दे. पाठव."

उंदीरबाईचं बोलणं एवढं कधी पसरलं नव्हतं. एका बापाने लिहिलं, मुलासाठी बरणी मागवली होती, आता दारातूनच परत पाठवतो. एका परिचारिकेने लिहिलं, आमच्या वॉर्डात कालच एक मुलगा असाच आलाय. 'पैसे खाल्ले असणार' म्हणणारेही आले, त्यांच्याशिवाय सभा भरत नाही. मग लोक संस्थेच्या पानावर गेले आणि त्या पत्रकाखाली एकच शब्द लिहायला लागले. उंदरांमध्ये. त्याखाली पुन्हा, उंदरांमध्ये. साहेबांच्या माणसाने ते पुसले की दुसरे यायचे. उंदरांसारखेच, एक हाकलला की चार हजर.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर माझं पान उघडून ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईही कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. प्रयोगशाळेचा कोट घालूनच आल्या होत्या.

"तुम्ही ज्या ताटात जेवता त्यातच छिद्र पाडलंत," साहेब म्हणाले. "काढून टाका ते. मी रागात बोलत नाही. मार्गही सांगतो. संस्थेचं नाव तेवढं काढा, बाकी राहू द्या. सर्वसाधारण सल्ला म्हणून चांगलाच आहे."

"नाव काढलं तर त्याला अर्थ उरत नाही. बरणीवर नाव आहे."

"ती बरणी आमची नाही."

"पत्रक आपलं आहे. मी आजवर दुसऱ्यांच्या उंदरांबद्दल बोलत आले. आपल्या उंदराची वेळ आली आणि मी गप्प बसले, तर कालपर्यंतचं सगळंच थोतांड ठरेल."

"एका शब्दासाठी नोकरी घालवताय?"

"एकाच शब्दासाठी आमची मुलगी जात होती."

माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. साहेब डॉक्टरबाईंकडे वळले. "तुमच्या कामाची ही बदनामी चाललीय. तुम्हीच सांगा यांना. पत्रकात खोटं काही होतं का?"

डॉक्टरबाई कमी बोलतात. त्यांचा पुढचा निधी साहेबांच्या सहीवर होता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्या पडद्यावरची माझी पोस्ट संथपणे वाचत होत्या.

"हिच्या लिहिण्यात एक चूक आहे," त्या म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उजळला.

"नुसत्या उंदरांमध्ये नाही. नर उंदरांमध्ये. तेही फक्त नर. माद्यांवर मी अजून केलेलंच नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "तेवढं घाला. आणि प्रयोग करणारीनं स्वतः सांगितलं असं लिहा."

"आता नर-मादीही आलं का?" साहेब ओरडले. "अहो, डोंगर एवढा मोठा आहे..."

"डोंगर माझा आहे, साहेब," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी पोखरलाय. आत काय सापडलं ते मला माहीत आहे."

मी खिशातून फोन काढला आणि त्यांच्यासमोर, प्रयोग करणारीचा हवाला देऊन, 'नर' हा शब्द घातला. पडद्यावर तो उमटलेला सगळ्यांनी पाहिला. साहेब म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

तेवढ्यात पडद्यावर एक नवीन प्रतिक्रिया आली. सोबत फोटो होता. आमच्या दादाच्या स्वयंपाकघराचा ओटा मी लगेच ओळखला. हिरव्या झाकणाची तीच बरणी, आत भुकटी नव्हती. आत चिमणीच्या वापरलेल्या सुया होत्या, तळ झाकेल इतक्या. बरणीवरच्या संस्थेच्या नावाखाली, लहान मुलाच्या अक्षरातला एक कागद चिकटवला होता, 'सजीवांसाठी'. आणि फोटोखाली लिहिलं होतं: 'इन्सुलिन कमी करणारी आई ती मीच. पोरगी जेवली, टोचून घेऊन जेवली. भुकटी फेकून दिली. बरणी मात्र मजबूत आहे, सुया टाकायला बरी पडते. ज्यांच्याकडे बरणी असेल त्यांनी आपापले फोटो इथेच टाका.'

आम्ही तिघेही वाचत होतो. खाली दुसऱ्या एका घरातली बरणी आली. मग तिसरी.

"ही बाई कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी वहिनी."

"तिला सांगा काढायला. निदान तिला तरी."

"तुम्हीच सांगून बघा," मी म्हणाले. "तिने मला नुसतं 'वन्सं' म्हटलं, त्यात माझी नोकरी गेली."