‘खाली’ लिहिलेली तार

मी एक सिरीज बोर्ड आहे. नावावरून फार अपेक्षा करू नका. सागवानाची एक फळी, तिच्यावर एक होल्डर, एक बटण, एक सॉकेट आणि दोन लांब तारा, एवढाच माझा देह. होल्डरमध्ये शंभर वॅटचा तारेचा पिवळा बल्ब. बिघडलेलं यंत्र थेट भिंतीतल्या विजेला न जोडता आधी मला जोडतात. वीज माझ्या बल्बातून जाते आणि मगच त्या यंत्रापर्यंत पोहोचते.

मला तीनच शब्द येतात. यंत्रात तारेला तार चिकटली असेल, तर मी लख्ख पेटतो. यंत्र धड असेल, तर मंद. आणि विजेची वाट कुठे अपुरी राहिली असेल, तर अंधार. या तीन शब्दांत मी पन्नास वर्षांत खोटं बोललेलो नाही. मधली काही वर्षं बरळलो, पण त्याचा दोष माझ्याकडे येत नाही. ते पुढे सांगतो.

माझा जन्म इंदूरच्या एका कापड मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात, जेवणाच्या सुट्टीत झाला. शंकरराव तिथे वायरमन होते. बॉबिनच्या मोडक्या खोक्याची फळी त्यांनी रंधून घेतली आणि तासाभरात मला उभं केलं. “आधी बोर्ड, मग भिंत,” हा त्यांचा नियम. त्यांच्या हाताखाली विष्णू नावाचा विशीतला उमेदवार होता. तो नियम त्याने इतक्या वेळा ऐकला की पुढे स्वतःच्या मुलांना पोहायला शिकवतानाही तो तेच बोलून गेला.

पुढे शंकररावांनी, म्हणजे घरच्यांच्या नानांनी, राजेंद्र नगरात दोन मजली घर बांधलं. पत्नीला दमा होता. ती खाली असायची, आणि रात्रपाळी करून आलेले शंकरराव दिवसा वर झोपायचे. म्हणून भिंती उभ्या राहतानाच त्यांनी नळ्यांतून चार तारा वर नेल्या. खाली तीन बटणं: न्हाणीत, पलंगाशी, स्वयंपाकघरात. वर लाकडी पेटीत एक पितळी घंटी आणि तीन चिमुकले दिवे, म्हणजे हाक कुठून आली ते कळावं. प्रत्येक तारेच्या टोकाला त्यांनी लग्नपत्रिकेचा तुकडा दोऱ्याने बांधला आणि शाईने नाव लिहिलं. त्या सगळ्या तारा माझ्यावरून तपासून गेल्या आहेत. मी साक्षीदार आहे.

पत्नी गेली, घंटी मुकी झाली. नंतर शंकररावही गेले. त्यांचा मुलगा हृषीकेश सज्जन माणूस. एका दिवाळीत घरातले सगळे बल्ब बदलताना त्याने माझ्याही होल्डरमध्ये एलईडी बसवला. तिथून माझी वाचा गेली. एलईडीला नुसती वीज चाटून गेली तरी तो मिचमिचतो. बंद इस्त्रीला मी मिचमिच, धड पंख्यालाही मिचमिच. “बोर्ड गेला,” असं म्हणून मला जिन्याखाली रंगाच्या डब्यांमागे ठेवलं. तिथे मी चौदा वर्षं काढली.

आता इंदुमतीबाईंविषयी. या हृषीकेशच्या थोरल्या बहीण, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, वय एकाहत्तर. लग्न केलं नाही. खालचा मजला त्यांचा, वर हृषीकेशचं कुटुंब. सकाळी आठला दहावीच्या पाच-सहा मुली त्यांच्या व्हरांड्यात गणितं सोडवायला येतात. संध्याकाळी तोच व्हरांडा कॉलनीतल्या बायकांचा.

मार्चमध्ये त्या न्हाणीत पडल्या. फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता. वर टीव्ही चालू होता. दोन तास दहा मिनिटं त्या फरशीवर होत्या. वेळ त्यांनीच सांगितली, मनगटावर घड्याळ होतं. खुब्याची शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला.

हृषीकेशने वायरलेस बेल आणली. शेजाऱ्यांचीही तशीच असल्याने त्यांच्या दारावर कुणी आलं की ती आमच्याकडे वाजायची. एका दिवसात घरचे सहा वेळा उगाच धावत खाली आले. सातव्या वेळी कुणी आलं नाही, आणि ती हाक खरी होती. चक्कर येऊन इंदुमतीबाई पलंगाच्या कडेला बसून राहिल्या होत्या. फार काही झालं नाही. पण हृषीकेशचा चेहरा उतरला.

“ताई, हे चालायचं नाही,” तो म्हणाला. “रविवारी चार जण बोलावतो. खुर्चीसकट तुला वर नेतो. खालचा मजला काही दिवस खाली राहील, राहू दे.”

“आणि मी खाली कधी येणार?”

“येशील ना. पाय बरा झाला की.”

“जिना कायमचा बंद आहे, हृषी. ‘कायमचा’मधून ‘बरा झाला की’ वजा करून दाखव.”

तरी त्याने बेत बदलला नाही. वरच्या गॅलरीतून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, बाकी काही नाही.

हृषीकेशची मुलगी शर्वरी सव्वीस वर्षांची. ती सिमरोलच्या संस्थेत संशोधन करते. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, हा गुण तिने आत्याकडून उचलला असावा. ती म्हणाली, “बाबा, नानांची घंटी मी चालू करते. तारा भिंतीत आहेत, तोडफोड काहीच नाही.”

“ती? ती तर अटाल्यात, भंगारात द्यायची राहून गेलीय.”

“मग अजून एक रविवार राहू द्या.”

शनिवारी सकाळी शर्वरीने मला जिन्याखालून ओढून काढलं. सोबत प्रयोगशाळेतला तिचा मित्र समीर होता, आणि विष्णूही आला होता. आता तो सत्तरी ओलांडलेला विष्णूकाका झाला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“अरे भिया, याच्यात एलईडी कोणी लावला? बिचारा पागल झाला असेल!” त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तारेचा बल्ब काढला. बेटम्याच्या एका दुकानात जुन्या मालात त्याला तो सापडला होता. चौदा वर्षांनी माझ्या होल्डरमध्ये माझी जीभ परत आली.

“काका, मेरे पास डिजिटल मीटर है ना,” समीर म्हणाला. “ह्याला म्युझियममध्ये देऊन टाका.”

“मीटर बताता है की तार आहे. हा सांगतो की तार काम करेल का. फरक आहे, भिया.”

आधी घंटीचा ट्रान्सफॉर्मर. भिंतीतली वीज तो बारा व्होल्टवर उतरवतो, म्हणजे न्हाणीतल्या बटणाला ओला हात लागला तरी धोका नाही. शर्वरी त्याची पिन भिंतीत खुपसणार, एवढ्यात विष्णूकाका ओरडला, “आधी बोर्ड, मग भिंत!”

मी लख्ख पेटलो. शॉर्ट! शर्वरीचा हात मागे आला. झाकण उघडलं, तर दोन टोकांच्या मध्ये वाळून कोळसा झालेली पाल.

“चाळीस साल ड्यूटी करून शहीद,” समीरने चिमट्याने तिला उचललं.

साफसफाई झाली, जळकी तार बदलली, पुन्हा मला विचारलं. मी मंद. इतक्या वर्षांनी तो शब्द उच्चारताना मला किती बरं वाटलं, ते मी मंदच राहून सांगू शकत होतो. घंटीला बारा व्होल्ट दिले आणि ती पितळी आवाजात वाजली. टणण! खालून इंदुमतीबाईंनी विचारलं, “आईची घंटी का गं?”

उरल्या तारा. पेटीतून चार टोकं बाहेर आली. शर्वरीने चिठ्ठ्या वाचल्या: न्हाणी, पलंग, स्वयंपाक. चौथीवर लिहिलं होतं ‘खाली’.

“ही खाली आहे. स्पेअर,” ती म्हणाली.

“हां,” विष्णूकाकाने मान डोलावली. “मिलच्या पॅनलवर पण नाना असंच लिहायचे. खाली म्हणजे एक्स्ट्रा. टेप लावून टाक.”

तिने टेप लावली. मी पाहत होतो. तीन शब्दांत ‘थांबा’ हा शब्द नाही.

विष्णूकाका खाली न्हाणीत गेला. कोरड्या फरशीवर लाकडी पाट, पायात रबरी चपला, हातात इंदुमतीबाईंची लाकडी फूटपट्टी. तपासणीपुरती तारांत माझी पूर्ण वीज असणार होती, म्हणून इंदुमतीबाईंना पलंगावरून न हलण्याची ताकीद होती. फोन स्पीकरवर होता. वर शर्वरीने माझ्या दोन तारा एका-एका जोडीला लावल्या.

“काका, खाली पोहोचलात? दाबा!”

“दाबलं!”

अंधार. दुसरी जोडी, अंधार. तिसरी, अंधार. मग स्वयंपाकघराचं बटण, पुन्हा तिन्ही जोड्या, पुन्हा अंधार. मी सांगत होतो ते इतकंच की तुम्ही धरलेल्या दोन टोकांमध्ये वाट पूर्ण होत नाही. त्यांनी ऐकलं ते असं की तारा तुटल्या. समीरच्या मीटरनेही तेच सांगितलं. त्याच्यावरही माझा राग नाही.

हृषीकेश जिन्यावर उभा होता. “बेटा, तू प्रयत्न केलास. मी त्या चौघांना उद्या दहाला बोलावतो.” तो जिंकल्यासारखा बोलला नाही. त्यामुळे शर्वरीला जास्त लागलं.

“एकदा शेवटचं, बाबा. काका, पुन्हा न्हाणी.”

तिने माझ्या तारा ‘न्हाणी’ आणि ‘पलंग’ यांना लावल्या. खालून आवाज आला, “दाबलं!” अंधार. आणि मग, एका श्वासानंतर, मी पेटलो. लख्ख!

“काका! काय केलंत?”

“मी? मी तर तेच करतोय. न्हाणीचं दाबून उभा आहे.”

“आणि मी पलंगाचं दाबलंय,” इंदुमतीबाईंचा आवाज आला. “काठीच्या रबरी टोकाने. ओरडू नका. तीन वेगळ्या नळ्यांतल्या तीन तारा एकदम तुटल्या, हे मला पटत नव्हतं.”

“दोघं सोडा.” अंधार. “दोघं दाबा.” उजेड. शर्वरी माझ्याकडे पाहत राहिली. असं माझ्याकडे शंकररावांनंतर कुणी पाहिलं नव्हतं.

“म्हणजे सगळी बटणं तिथे एका तारेवर भेटतात,” ती सावकाश म्हणाली. “आणि ती तार वर यायला हवी.”

“वर किती तारा आहेत?” आत्यांनी विचारलं.

“चार. पण एक खाली आहे.”

“खाली आहे म्हणजे?”

“खाली, आत्या. रिकामी. नानांनीच चिठ्ठीवर लिहिलंय.”

फोनमध्ये इंदुमतीबाई हसू लागल्या. शस्त्रक्रियेनंतर त्यांना असं हसताना घराने ऐकलं नव्हतं.

“अगं शर्वरी, नाना मिलमध्ये हिंदी लिहायचे, घरात मराठी! दिवसातून वीस वेळा विचारतेस ना, ‘आत्या, खाली येऊ का?’ तेव्हा काय रिकामी येतेस?”

समीर जिन्यावरच बसला. खाली न्हाणीतून विष्णूकाका म्हणाला, “धत् तेरी की. चौदा साल नानांबरोबर काढली, आणि त्यांच्या घरची भाषाच नाही शिकलो.”

टेप निघाली. ‘खाली’ आणि ‘न्हाणी’, लख्ख. ‘खाली’ आणि ‘पलंग’, लख्ख. ‘खाली’ आणि ‘स्वयंपाक’, लख्ख. तीन वेळा पेटलो, आणि तिन्ही वेळा शर्वरी टाळी वाजवायला गेली, पण हातात तारा होत्या. मग मला बाजूला काढून ट्रान्सफॉर्मर आणि घंटी जागेवर बसवली.

रविवारी दहाला ते चौघे आले. व्हरांड्यात पोहे खात बसले. हृषीकेशने घंटी ऐकली होती, पण एका घंटीवर बहिणीला सोपवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तो वर तिच्यासाठी खोली लावत होता. तेवढ्यात टणण झालं आणि ‘न्हाणी’चा दिवा लागला. हातातली उशी टाकून तो असा धावला की एक चप्पल जिन्यावरच राहिली.

इंदुमतीबाई न्हाणीत स्टुलावर शांत बसल्या होत्या. नजर मनगटावर.

“काय झालं, ताई?”

“काही नाही. बावीस सेकंद. मार्चमध्ये दोन तास दहा मिनिटं लागली होती. आता तू सांग, मी कुठे राहू?”

हृषीकेश उंबऱ्यातच बसला. मग म्हणाला, “खाली.” आणि घाईघाईने पुढे जोडलं, “मराठीतलं.”

चौघांना फुकट पाठवायचं नव्हतं. त्यांनी गच्चीवरचं शंकररावांचं जुनं कामाचं टेबल उतरवून व्हरांड्याच्या कोपऱ्यात आणून ठेवलं. मला टांगायचा खिळा आता त्याच्यावरच्या भिंतीत आहे. रविवारी विष्णूकाका येतो, समीर येतो, कॉलनीतले लोक मिक्सर, रेडिओ, इस्त्र्या घेऊन येतात. पलीकडे त्या मुली गणितं सोडवतात आणि दुरुस्तीवाल्यांच्या चुकाही काढतात. आधी मला विचारल्याशिवाय भिंतीकडे कुणी जात नाही. शर्वरीने ती चिठ्ठी बदललेली नाही. फक्त तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात ‘म्हणजे आत्याकडे’ असं लिहिलं आहे.

माझं मागणं थोडकं आहे. माझ्यात एलईडी लावू नका. तारेचा बल्ब मिळेनासा होत चाललाय, दिसला तर एक बाजूला ठेवा. आणि मी अंधारा राहिलो, तर भिंत फोडायला धावू नका. कुठली तार रिकामी समजून टेप लावलीत, ते आधी पाहा.

थांबा. वर घंटी झाली. ‘पलंग’चा दिवा लागला असेल. चहा हवा असेल. शर्वरी निघालीसुद्धा, आणि इंदुमतीबाई घड्याळ पाहत असतील.