आखूड दोरी

आमच्या नदीवर एक रीत आहे. मासा कुठे लागला ते विचारायचं नाही आणि लागला तरी सांगायचं नाही. ओरेगनच्या या किनाऱ्यावर नद्या अरुंद, समुद्रातून चढणारे स्टीलहेड मोजके आणि गळ टाकणारे ढीगभर. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. दोरीबद्दल मात्र वाटेल तेवढं बोलावं. गळाला बांधलेल्या पिसांच्या नकली माशीला वजन असं नसतंच, ती दोरीच्या वजनाने जाते, म्हणून इथली माणसं लग्न करताना करत नाहीत तेवढी चिकित्सा दोरी घेताना करतात. माझं दुकान त्याच्यावरच चालतं.

लायल हॅगर्टी इथे आला त्याला तीन हिवाळे झाले. तो आधी राहायचा तिथल्या मोठ्या नदीत मासे उरले नाहीत म्हणून सरकारने ती मासेमारीला बंद केली, तेव्हा तो गळ, काठी आणि बायको घेऊन आमच्याकडे आला. तिकडे त्याची लांब फेक बघायला लोक थांबायचे म्हणे. खरंच असेल. पण लांब दोरी फेकायला पाठीमागे जागा लागते, आणि आमच्या काठावर आल्डरची झाडं डोक्यावर येतात. म्हणून लायल कमरेपर्यंत पाण्यात उतरायचा आणि तिथून पलीकडच्या काठाला सुरेख फेक करायचा. मासे असायचे अलीकडे, वाकलेल्या आल्डरखाली, म्हणजे लायल उभा असायचा तिथेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळ्या गावाला दिसत होतं आणि सगळं गाव मूग गिळून बसलं होतं. त्यात मीही आलेच.

जानेवारीत त्याची बायको बर्निस दुकानात आली. ती मासे धरत नाही. तो पाण्यात असतो तेव्हा ती गाडीत हीटर लावून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसते.

"मॅव्हिस, लायलला मासा लागेल अशी एक दोरी दे बाई."

"दोरीने काय होतंय, बर्निस? नशीब लागतं."

"ते तू ठेवत नाहीस ना दुकानात? मग दोरीच दे." ती स्टुलावर बसली आणि गुडघे चोळत राहिली. "माझी बहीण ॲरिझोनात आहे. अर्धं घर रिकामं आहे तिचं. तिथे गेले की मी काठीशिवाय चालते. लायलने शब्द दिलाय, या नदीतला एक मासा लागला की निघू. हरून नाही जाणार म्हणतो."

"आणि नाहीच लागला तर?"

"हेच तर म्हणतेय मी. तिसरं वर्ष आहे."

मी तिला आखूड दोरी काढून दिली. हिचं सगळं वजन पुढच्या थोड्याशा भागात असतं. काठावर उभं राहून मनगटाचा झटका दिला की माशी फांद्यांखालून सरळ जाते, पाण्यात उतरावं लागत नाही. जागा मला सांगता येत नव्हती. दोरी सांगेल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लायल दोरीची डबी घेऊन हजर.

"ही दोरी आहे की बुटाची नाडी?"

"वापरून तर बघा. पण पाण्यात उतरू नका. ती काठावरूनच नीट जाते."

"मी काय भिजायला घाबरतो?"

"तुम्ही नाही हो. दोरी घाबरते."

तो हसला आणि डबी घेऊन गेला.

फेब्रुवारीत एका मंगळवारी तो परत आला आणि म्हणाला, तसलीच आणखी एक दे.

"पहिली तुटली?"

"नाही. असावी एक जवळ."

त्याच्या उजव्या हाताच्या बोटांची सालं निघाली होती. मोठा मासा पळायला लागला की रिळाची मूठ उलटी गरगरते आणि बोटं अशी सोलते. या नदीत जन्मलेला मासा कायद्याने सोडून द्यावा लागतो, त्यामुळे मागे पुरावा राहत नाही. मी विचारलं नाही. त्याने डबी पिशवीत न टाकता कोटाच्या आतल्या खिशात घातली, तेव्हा मला त्याचा राग आला.

त्याच आठवड्यात बर्निस आली, एका हाताने फळीचा आधार घेत.

"ही पण नाही चालली गं. दुसरी कुठली आहे का?"

"लायल काय म्हणतात?"

"म्हणतो, होईल, धीर धर. तीन वर्षं धीरच धरतेय."

एकीकडे रीत होती आणि एकीकडे तिचे गुडघे. गिऱ्हाइकाचा मासा मी आजवर कधी कुणाला सांगितला नाही, तिलाही सांगितला नाही.

"दुसरी कशाला?" मी म्हणाले. "मंगळवारी त्यांनी हीच आणखी एक नेली."

"हीच?"

"हीच."

"पहिली हरवली?"

"नाही."

त्या दोरीच्या डब्या टांगायची खुंटी रिकामी होती, बर्निसने तिकडे बघितलं. मासे धरत नसली तरी चाळीस वर्षं ती गळ टाकणाऱ्या माणसांत राहिलेली. जिला मासा लागत नाही ती दोरी कुणी दुसऱ्यांदा घेत नाही, हे तिला मी काय सांगणार?

"चांगली दिसतेय दोरी," ती म्हणाली, आणि कोटाची बटणं लावून निघून गेली.

मार्च लागला तसा लायल आला. त्याने न उघडलेली डबी काउंटरवर ठेवली.

"परत घेशील? ॲरिझोनात हिचा काय उपयोग?"

मी डबी घेतली.

"तू सांगितलंस तिला."

"मी फक्त दोरीचं सांगितलं."

दोरीचं सांगायला कुणाचीच बंदी नाही. तो दारापर्यंत गेला, बाहेर गाडीत बसलेल्या बर्निसकडे बघितलं आणि परत काउंटरपाशी आला. मग खाली वाकून, आजवर या दुकानात कुणी बोललं नव्हतं ते बोलला.

"वाकलेल्या आल्डरखाली. काठापासून दोन पावलं. कुणाला सांगू नकोस."

"हो का?" मी म्हणाले. "तिथे असतील असं वाटलं नव्हतं."