बिबट्याच्या वाट्याचं रॉकेल

मोनिका परत आली. पण ती आलीच नाही असं धरा, कारण माऊलीनंही तसंच धरलंय.

मांडवगण फराट्याला उसाच्या कडेला त्याची वस्ती. बिबट्यानं दारातली शेळी नेली, तशी त्याची बायको मोनिका लहानग्या पोरीला घेऊन वरवंडला माहेरी गेली. फोनवर तिचं एकच बोलणं, "दारात उजेड दिसला तरच उंबरा चढीन."

इकडं दिवेलागणीलाच वीज जायची. पोरीला उचलून घ्यायला माऊलीचे हात आसुसले होते. शेवटी त्यानं माळ्यावरून आज्याचा कंदील काढला. मेंढ्यांच्या वाड्यावर टांगायचा, तो.

"आये, रॉकेल कुठं मिळंल?"

"रॉकेल तुझ्या आज्यामागंच गेलं," बयाबाई म्हणाली. "ट्रॅक्टरचं डिझेल घाल. आन् काच राखंनं पूस."

डिझेलनं काच इतकी काळी व्हायची, की कंदील पेटलाय का विझलाय हे हात लावून बघावं लागे. बोटं पोळली. तरी माऊली पुसत राहिला, पेटवत राहिला, आणि एका संध्याकाळी दारातल्या बाभळीला पिवळा उजेड लटकला. त्यानं फोटो पाठवला. उत्तर आलं, "निघते."

उजेडाला किडे आले. किड्यांना बेडूक आले. बेडकांवर भुंकायला कुत्री आली. आणि कुत्र्यांसाठी जो यायचा, तो आला. कुत्री पळाली, तो कंदिलाखाली बसून पंजा चाटू लागला. बयाबाईनं माऊलीला आत ओढून कडी घातली.

तेवढ्यात भावाच्या मोटारसायकलवर मोनिका आली. "उजेड हाय की!" ती हसली. मग उजेडात कोण बसलंय ते दिसलं. भावानं गाडी न थांबवताच वळवली. पोरगी मागं बघत ओरडली, "पप्पा, केवढी मनी!"

माऊलीनं खिडकीच्या गजातून टाटा करायला हात बाहेर काढला. बयाबाईनं तो आत घेतला.

रात्री फोन आला. "त्या कंदिलानंच बोलावलाय त्याला. विझवा आधी."

"विझवला तर येशील?"

"अंधारात? खुळी समजता व्हय मला?"

"मग पेटवू?"

फोन कट.

सकाळी माऊलीनं वनखात्याला अर्ज दिला: "सदर बिबट्या आमच्या कंदिलाचा लाभार्थी असल्याने त्याचे नाव आमच्या रेशनकार्डात चढवून त्याच्या वाट्याचे रॉकेल मंजूर व्हावे. अर्जदाराची मुलगी त्यास मांजर समजते, याची नोंद घ्यावी. तसेच सदर बिबट्याने दिवसाउजेडी वरवंड येथे जाऊन, आपला काही वाईट हेतू नसल्याचे अर्जदाराच्या पत्नीस समक्ष सांगावे व तिला घरी पाठवावे, ही नम्र विनंती."