तिसऱ्यांदा मागणं

सकाळी नऊला ऑस्ट्रेलियातल्या गीलाँगच्या कचेरीत रोंडाने कानाला हेडफोन चढवला. आजारी मुलांच्या संस्थेसाठी फोनवरून देणग्या मागायच्या, ही तिची चार वर्षांची नोकरी. नियम असा, की समोरच्याने नाही म्हटलं तरी तीनदा मागितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. काय तो नियम! गेल्याच आठवड्यात दोनदा मागून थांबलेल्या एकाला ट्रॉयसाहेबाने घरी बसवलं होतं. आणि रोंडाचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

स्क्रीनवर नाव आलं : बेरिल, गाव हॉर्शम, वय एक्क्याऐंशी. खाली रोंडानेच मे महिन्यात कळवळून लिहिलेली नोंद होती, ‘कुत्रा गेलाय. एकटी आहे. जपून बोला.’ त्याखाली ट्रॉयने भर घातली होती, ‘कुत्र्याचा विषय काढा. लगेच देते.’

रोंडाने ती भर पुन्हा वाचली. पण फोन लागला होता आणि ट्रॉय मागे उभा राहून ऐकत होता. तिने पाठ केलेलं बोलून मागितलं.

“या खेपेला नाही गं जमायचं, पोरी,” बेरिल ओशाळून म्हणाली.

रोंडाने दुसऱ्यांदा मागितलं. पुन्हा नाही.

“अगं, कुत्र्याचं काढ ना!” ट्रॉय कुजबुजला.

“बेरिल, तुमचे दात का वाजताहेत?”

“थंडी आहे ना मेली! हीटर बंदच ठेवते हल्ली. तेवढंच तुमच्या लेकरांना.”

रोंडाने डोळे मिटले.

“मला आता तिसऱ्यांदा मागायचंय. तुम्ही नाही म्हणा. आणि आधी हीटर लावा.”

बेरिलने चाचरत विचारलं,

“नाही म्हटलं, तर मग कोणी फोन करणार नाही ना गं?”

अरे देवा! म्हणजे ही बाई इतके दिवस याच्यासाठी देत होती! रोंडाला रडू कोसळलं.

“मी करेन. दर रविवारी, माझ्या घरून. काही मागणार नाही.”

“मग… नाही,” बेरिल म्हणाली.

रोंडाने नंबर तळहातावर लिहून घेतला, दोन्ही नोंदी पुसल्या आणि लिहिलं, ‘यांना पुन्हा फोन करू नये.’

“मोठी आलीस दयाळू!” ट्रॉय भडकला. “आजारी पोरांना काय सांगशील?”

“म्हातारीला गारठवून तुमचं औषध आणलं नाही, असं सांगेन.”

“ऊठ. चालती हो.”

ती उठली. दाराशी पोचेपर्यंत तिला शेजारच्या टेबलावरचा आवाज ऐकू येत होता. तो कुणाच्या तरी गेलेल्या नवऱ्याबद्दल फार मायेने विचारत होता.