वयाचा दाखला

"हा पोरगा किती वर्षांचा रे?"

साठ वर्षांपूर्वीचा आवाज. पाइपच्या धुरानं घोगरा झालेला, वहीतून मान वर न करता विचारलेला. विल्फला तो कुठेही गाठायचा. केस कापून घेताना, चर्चमध्ये, किटली उकळायला लागताना. आज त्यानं सुपरमार्केटच्या रांगेत गाठलं, कीरानं टोपलीतली रमची बाटली उचलून सरकत्या पट्ट्यावर ठेवली त्याच क्षणी.

बाटली थोडी डुगडुगली, आडवी झाली आणि पट्ट्याबरोबर पुढे निघाली.

कीरा ही बेरिलची नात. सव्वीस वर्षांची, प्रेस्टनला दातांच्या दवाखान्यात नोकरीला. पण दोन वेण्या, गालांवर तांबूस ठिपके आणि पाठीवर दप्तरासारखी पिशवी. कुणीही तिला शाळेतली पोर म्हणावं. यंदा ती पहिल्यांदाच आजीबरोबर आली होती. दर फेब्रुवारीत याच तारखेला, भरती पुरी भरली की बेरिल आणि विल्फ फ्लीटवुडच्या धक्क्यावर जात आणि बेरिलच्या धाकट्या भावासाठी पाण्यात रम ओतत.

कॉलिन त्याचं नाव. चौदा वर्षांचा असताना तो मासेमारीच्या ट्रॉलरवर चढला, आणि नवव्या दिवशी आइसलंडच्या पाण्यात एका लाटेनं त्याला डेकवरून उचलून नेलं. सोळाच्या आतल्याला त्या बोटीवर घेत नसत. मग त्याला घेतलं कसं, हे कोडं बेरिलला उभ्या जन्मात सुटलं नव्हतं. विल्फला ते कधी पडलंच नव्हतं. बंदरावरच्या कचेरीत थ्रेलफॉल कारकुनानं विचारलं होतं, आणि एकोणीस वर्षांच्या, चार सफरींनी स्वतःला दर्यावर्दी समजायला लागलेल्या विल्फनं सांगितलं होतं, "सोळा. आमच्याच गल्लीतला आहे. मी ओळखतो ना." मागून कॉलिननं आनंदानं त्याच्या पाठीत कोपर मारलं होतं. थ्रेलफॉलनं वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात झालं सगळं.

"ओळखपत्र?" गल्ल्यावरच्या गेनरनं विचारलं.

गेनर पंचेचाळिशीची, केस घट्ट बांधलेले, चष्मा साखळीला लोंबता. तीन वर्षांपूर्वी बॅरोहून इथे आली, आणि गावाला बोलायला विषय मिळाला. दारू काय, सुरी काय, घ्यायला अठरा पुरी लागतात. पंचविशीच्या आतलं कुणी दिसलं की विचारावं, असा दुकानाचा नियम. गेनरची पंचविशी मात्र चाळिशीपर्यंत लांबायची. मागच्या महिन्यात तिनं पाद्रीबाबांना सुरी घेताना अडवलं होतं, लोण्याची, बोथट. गाव तिला फौजदारीणबाई म्हणायचं, तिच्या तोंडावरच.

कीरानं फोन काढला. "हा बघा, पासपोर्टचा फोटो."

"फोटो चालत नाही गं बाळा."

"अहो, सव्वीस वर्षांची आहे मी!"

"असशील."

बेरिल पुढे सरसावली. "तिची नकोच मग. बाटली माझी. सत्त्याहत्तर वर्षांची आहे मी, का कवळी काढून दाखवू?"

"कवळी राहू दे, बेरिलमावशी. बाटली हिनं ठेवली पट्ट्यावर. तुम्ही हिच्यासाठी घेत नाही कशावरून?"

"ऐका! माझ्या भावासाठी आहे ती."

"मग भावाला येऊ दे. ओळखपत्र घेऊन."

मागे उभा असलेला गवंडी खो खो हसला. "फौजदारीणबाई, माझ्या दुधालाही वय विचारा! नाही म्हणजे, गाय सज्ञान होती की नाही कुणास ठाऊक."

त्याच्या मागचे दोघेतिघे हसले. बेरिल हसली नाही. तिनं पट्ट्याच्या कडेवर हात टेकला.

"तो नाही यायचा," ती म्हणाली. "साठ वर्षं झाली बाई, तो समुद्रातून आला नाही."

गवंड्यानं दुधाचा डबा छातीशी धरला आणि खाली बघितलं. गेनरचा हात बाटलीवर होता, तो तिथेच थांबला. तिनं चष्मा काढला. तो साखळीला लोंबून हलत राहिला.

"चुकले मी, मावशी. माफ करा मला." तिचा आवाज खाली आला होता, पण हात बाटलीवरून हलला नव्हता. "तरी नाही देता यायची."

विल्फ इतका वेळ टोपली घेऊन मागे उभा होता. बेरिल त्याच्याकडे वळली.

"विल्फ, तू सांग रे हिला. तू ओळखतोस कीराला, जन्मल्यापासून."

ओळखत तर तो होताच. चार दिवसांची असताना त्यानं तिला हातात घेतलं होतं. एप्रिल असून बर्फ पडत होता आणि बेरिलचा नवरा डग फाटकापाशी रडत होता, आनंदानं. तारीख, वार, सगळं त्याला पाठ होतं. या खेपेला सांगायचं ते खरं होतं, अगदी खरं.

"सव्वीस," तो म्हणाला. "मी ओळखतो ना."

शब्द बाहेर पडले आणि त्याचे त्यालाच ओळखू आले. तेच शब्द, तीच चाल.

गेनरनं मान वर केली. सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. घाई नाही, राग नाही. घरात आलेल्या माणसाला दारातच ओळखून घ्यावं, तसं.

"काका, तुम्ही खोटं बोलत नाही, दिसतंय मला," ती म्हणाली. "पण मी कुणाच्या शब्दावर देत नाही."

"का?"

त्याच्या विचारण्यात भांडण नव्हतं. ते गेनरलाही कळलं असावं, कारण ती जरा थांबली.

"माणसं काय वाईट म्हणून खोटं सांगतात होय, काका? लाडानं सांगतात. पोर गळ्यात पडते, हट्ट करते, आणि यांच्या तोंडून निघून जातं. मला रोज सांगतात. म्हणून मी माणसाचं ऐकत नाही. कागद बघते."

रांग लांबलेली बघून मॅनेजर आला. टाय सरळ करत, हसत. "अगं गेनर, या आपल्या नेहमीच्या बाई. देऊन टाक की."

गेनर खुर्चीवरून उठली. खुर्ची त्याच्याकडे वळवली. "बसा. तुम्ही द्या."

मॅनेजरनं खुर्चीकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, आणि पावाच्या भट्टीकडे आपलं काहीतरी राहिलंय असं त्याला आठवलं. तो गेला. गेनर परत बसली. बाटली तिनं गल्ल्याखाली ठेवली, झोपलेल्या मुलाला खाली ठेवावं इतक्या हलक्या हातानं, आणि म्हणाली, "पासपोर्ट आणा. तोवर ही कुणाला देत नाही मी."

रांगेतले लोक चुळबुळत होते, घड्याळं बघत होते. विल्फ मात्र हलेना. छताच्या पांढऱ्या दिव्यांखाली, बटाट्याच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रांच्या चळतीमध्ये एक बाई बसली होती, आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नव्हतं. साहेबाचं नाही, म्हाताऱ्याचं नाही, मेलेल्याच्या नावाचंसुद्धा नाही. भरती येताना तो लहानपणी असा उभा राहायचा. मैलभर उघड्या वाळूवरून पाणी चालत यायचं, कुणाला न विचारता, कुणावर न रागावता, आणि अंगावर काटा यायचा. आज तसा काटा आला. असं माणूस जगात असू शकतं तर! नुसतं बसून, नुसतं नाही म्हणून, एक अख्खं पोर या काठावर धरून ठेवणारं माणूस.

"आजोबा, टोपी पडली तुमची," कीरा म्हणाली.

टोपी आपण कधी काढली, हे त्याला कळलंच नव्हतं.

कीरा ट्रामनं आजीच्या घरून पासपोर्ट आणायला गेली. दोनच थांबे; अर्ध्या तासात येते म्हणाली. ते दोघं दुकानाबाहेर, ढकलगाड्यांच्या रांगेशेजारच्या बाकावर बसले. वारा खाडीवरून येत होता. भरतीला अजून तास होता.

"भावाला येऊ दे म्हणे!" बेरिल म्हणाली. "कॉलिन असता ना, असा आला असता डुलत डुलत, आणि तिला डोळा मारला असता."

"मारला असता."

"आणि तिनं त्यालाही हाकललं असतं."

ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, हातमोजा ओला झाला तो उलटा केला. मग बराच वेळ ती काचेतून आत बघत राहिली. आत गेनर कुणाच्या तरी हातातलं कार्ड उजेडात धरून वाचत होती.

"एक सांगू, विल्फ? मघाशी मला तिचा गळा धरावासा वाटला. पण त्या कचेरीत अशी एखादी बाई असती..." तिनं वाक्य सोडून दिलं. "त्याऐवजी तो मेला थ्रेलफॉल. एकदा तोंड उघडून विचारलं असतं त्यानं. एकदाच. तुला आठवतं, आई त्याच्या दारात जाऊन काय काय बोलली होती? त्याची बायको आम्हाला बघून रस्ता ओलांडायची. तो गेला तेव्हा मातीलासुद्धा गेले नाही मी."

हे ती दर वर्षी म्हणायची. रमचा घोट घेऊन, पाण्याकडे बघत. आणि दर वर्षी विल्फ मान हलवायचा. त्या मान हलवण्यावर त्याची साठ वर्षं उभी होती. तिला लग्नाचं विचारायला तो एकदा तिच्या फाटकापर्यंत गेला होता आणि तिथूनच परतला होता. पुढे ती डगची झाली, आणि डग गेल्यावर विल्फला रविवारचं जेवण मिळालं. तिच्या टेबलाची खिडकीकडची खुर्ची. बटाट्यांवर मुद्दाम जास्त ओतलेली ग्रेव्ही. त्याच्या घराची दुसरी किल्ली तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला. त्याला दुसरं कुणीही नव्हतं.

त्यानं मान हलवायला घेतली. ती हलेना.

काचेमागे गेनरनं कार्ड परत केलं आणि पुढच्याला हात केला. विल्फ तिच्याकडे बघत राहिला. टोपी गुडघ्यावर होती. त्यानं तिची कड बोटांनी एकदा चाचपली आणि टोपी बाजूला, बाकावर ठेवली.

"बेरिल."

"काय रे? गारठलास?"

"थ्रेलफॉलनं विचारलं होतं."

तिनं वळून बघितलं.

"मला विचारलं. हा किती वर्षांचा, म्हणून. कॉलिन माझ्या मागे उभा होता." तो तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "तो चौदाचा आहे हे तुझ्याइतकंच ठाऊक होतं मला. मी सांगितलं, सोळा."